धिंगरीचं बीज घरी करायचं किट: खानदेशातल्या हवेत किती कामाचं?

धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) बीज, म्हणजे तिचे तंतू वाढवलेले दाणे (स्पॉन), घरी करायच्या या किटचा अर्धा भाग पैसे वसूल करतो, उरलेला अर्धा करत नाही. ताज्या अळिंबीच्या आतला गर काढून तीच जात पुढे वाढवायची, म्हणजे क्लोनिंग. त्यासाठी लागणारं सामान डब्यात नीट दिलेलं आहे. बीजाणू गोळा करून त्यांच्यापासून पीक घ्यायचं हा दुसरा भाग जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आहे, पण घरी चार-सहा पिशव्या लावणाऱ्याला त्याचा उपयोग फार थोडा. शिवाय सोबतचं माहितीपत्रक थंड हवेसाठी लिहिलेलं आहे. ‘रूम टेम्परेचरला ठेवा’ असं त्यात जागोजागी सांगितलंय. भुसावळ-जळगावच्या एप्रिलमध्ये ते पाळलं तर कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवलेले अळिंबीचे तंतू, मरतं.

डब्यात काय येतं ते आधी. पीडीए, म्हणजे बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर (बुरशी वाढवायचं जेलीसारखं खाद्य), ओतलेल्या ९० मिलिमीटरच्या १० प्लास्टिक पेट्री प्लेट. पीडीए पावडरचं २० ग्रॅमचं पाकीट. ३ नंबरचं स्काल्पेल हँडल आणि ११ नंबरची पाती. काचेचा स्पिरिट लॅम्प. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी फवारणी बाटली. पॅराफिल्म (प्लेटची कड बंद करायची ताणणारी पट्टी), हातमोजे, तीन पदरी मास्क. बीजाणूंसाठी फॉइलचे चौकोन, झिपच्या पिशव्या, सिलिका जेल, १० मिलीची सिरिंज आणि निर्जंतुक पाण्याच्या कुप्या. शेवटी निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या अर्धा-अर्धा किलोच्या दोन फिल्टर पिशव्या. अळिंबी किंवा तयार कल्चर यात नाही, ते आपणच आणायचं. हवा स्थिर ठेवणारी पेटीही नाही, आणि ती नसणं ही या किटची सगळ्यात मोठी उणीव आहे.

स्पॉन बाहेरून मागवणाऱ्याची खरी अडचण प्रवासात असते. वाढत्या बुरशीची पिशवी स्वतःच उष्णता सोडते. ती दिवसभर पार्सलच्या गाडीत तापली की पोचेपर्यंत दाणे आंबूस वास मारायला लागतात. म्हणून घरी बीज करण्याला इथे अर्थ आहे. रावेर-यावल-चोपड्याकडच्या शेतकऱ्याला क्लोन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैनची रोपं सारखी वाढतात, केळी साधारण एकाच सुमाराला निसवते, त्याचं कारण तेच. अळिंबीचं तर आणखी सोपं आहे: तिच्या फळातला कुठलाही जिवंत तुकडा अगरवर ठेवला की त्यातून पुन्हा तंतू फुटतात आणि मूळ जातीचे सगळे गुण घेऊन वाढतात.

माहितीपत्रकात ‘मोठी, पूर्ण उमललेली अळिंबी निवडा’ असं छापलंय. हे चूक आहे. पूर्ण उमललेल्या धिंगरीने बीजाणू सोडायला सुरुवात केलेली असते, गर म्हातारा झालेला असतो आणि गिल (टोपीखालच्या पातळ पट्ट्या) ओलसर राहिल्याने त्यात जिवाणू शिरलेले असतात. कडा अजून आत वळलेली, पहिल्या बहरातली, भरगच्च घोसातली अळिंबी घ्या. पिशवीला आदल्या संध्याकाळपासून पाणी मारू नका, कारण पाणी प्यायलेल्या गरात जिवाणूंचा त्रास हमखास होतो. बाजारातली पॅकबंद धिंगरीही चालते, मात्र ती पिवळी पडलेली किंवा चिकट नसावी. सुकवलेली धिंगरी चालत नाही, तिचे तंतू मेलेले असतात. जाहिरातीच्या चित्रात बटण अळिंबी आहे. तिचा क्लोन प्लेटवर येतो, पण पुढे पीक घ्यायला कंपोस्ट, केसिंग (वरून द्यायचा मातीसारखा थर) आणि १६ ते १८ अंश लागतात. जळगावात एसीशिवाय तो नाद करू नये.

कृती अशी. अळिंबी बाहेरून ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. (७० टक्के मुद्दाम, कारण शुद्ध स्पिरिट क्षणात उडून जातं आणि जंतू मरायला थोडं पाणी लागतंच.) मग देठाच्या तळाला नखाने किंचित चीर देऊन ती उभी हाताने फाडा. पात्याने कापू नका. पातं बाहेरच्या सालीवरचे जंतू ओढत आत नेतं. फाडलं की आतला गर कशालाही न शिवता उघडा पडतो. माहितीपत्रकात ‘कट करा’ असं आहे, आणि पहिल्या प्लेट बिघडण्यामागे बहुतेक वेळा हीच ओळ असते.

पातं ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा आणि प्लेटच्या कडेच्या अगरला टेकवून थंड करा. देठ आणि टोपी जिथे जुळतात तिथल्या आतल्या पांढऱ्या गरातून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा घ्या, २ ते ३ मिलिमीटर पुरे. मोठा तुकडा लवकर वाढेल असं वाटतं, पण मोठ्या तुकड्यासोबत सालीचा अंश यायची भीती तेवढीच मोठी. झाकण पूर्ण काढायचं नाही, एका बाजूने तिरकं उचलून तुकडा मध्यभागी ठेवायचा आणि लगेच बंद. पॅराफिल्मचे दोन वेढे द्या. झाकणावर नव्हे, तळाच्या बाजूला जात, तारीख आणि पिढी (कितवी प्लेट) लिहा, कारण झाकणं अदलाबदल होतात. पहिला दिवस प्लेट सुलटी ठेवा म्हणजे तुकडा अगरला चिकटतो. दुसऱ्या दिवसापासून उलटी, म्हणजे झाकणावरचं दव कल्चरवर टपकत नाही.

२५ अंशाला दोन-तीन दिवसांत तुकड्याभोवती पांढरी लव दिसते आणि आठवडा-दहा दिवसांत प्लेट भरते. पण भरेपर्यंत थांबू नका. चौथ्या ते सहाव्या दिवशी, वर्तुळ दोन-तीन सेंटिमीटरचं झालं की त्याच्या बाहेरच्या कडेचा ५ मिलिमीटरचा अगरसकट चौकोन नव्या प्लेटवर न्या. मूळ तुकड्यासोबत जिवाणू आलेच असतील तर ते मध्यभागी मागे राहतात. हीच दुसरी प्लेट खरं कल्चर. म्हणून किटमधल्या सगळ्या प्लेट पहिल्याच बैठकीत वापरू नका. चार प्लेटवर तुकडे ठेवा, बाकीच्या या कामासाठी राखा.

बिघाड ओळखायला डोळा तयार करावा लागतो. धिंगरीचे तंतू शुभ्र, कापसासारखे, कडेला पिसासारखे असतात. हिरवा ठिपका म्हणजे ट्रायकोडर्मा किंवा पेनिसिलियम, काळी पूड म्हणजे ॲस्परजिलस, राखाडी केसांची रानटी दाढी दोन दिवसांत झाकणाला भिडली तर म्युकर किंवा रायझोपस. तुकड्याभोवती पारदर्शक किंवा दुधाळ चिकट कडं असेल तर जिवाणू. नारिंगी-गुलाबी पूड दिसली तर ती न्यूरोस्पोरा, आणि तिला सगळ्यात जास्त भ्यावं. तिचे बीजाणू पॅराफिल्मच्या फटीतूनही निसटतात आणि खोली धुऊन काढेपर्यंत पुन्हापुन्हा येतात. बुरशी लागलेली प्लेट उघडून बघायची नाही. तशीच पिशवीत बांधून कुकरमध्ये अर्धा तास वाफवा आणि मग फेका. कल्चरवर पिवळसर थेंब दिसले तर मात्र घाबरायचं कारण नाही. जुन्या किंवा ताणात असलेल्या कल्चरचा तो स्राव असतो. अशा प्लेटमधून लवकर पुढची प्लेट करा.

आता पेटी. किट विकणारे ‘स्वच्छ खोलीत काम करा’ एवढ्यावर भागवतात. खानदेशातल्या घरात हे पुरत नाही. उन्हाळ्यात कूलर चालू असतो, त्याच्या गवताच्या ताट्या कायम ओल्या असतात आणि त्यांवर वाढलेली बुरशी वाऱ्यासोबत घरभर फिरते. बाहेर वावटळीची धूळ, शेतकऱ्याच्या घरी कुट्टी, भुसा, धान्याची पोती. काम करायच्या निदान अर्धा तास आधी कूलर आणि पंखा बंद करा, आणि कूलर असलेल्या खोलीत काम न केलेलंच बरं. ५० ते ६० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा झाकणाचा डबा घ्या आणि आडवा ठेवून पुढच्या बाजूला ११-१२ सेंटिमीटर व्यासाची दोन भोकं पाडा. त्या मापाच्या स्टीलच्या डब्याची कड गॅसवर तापवून टेकवली की भोक गोल आणि बिनचिरेचं पडतं. सुरीने कापलं की डबा तडकतो. आतून साबणाच्या पाण्याचा हात फिरवा म्हणजे धूळ भिंतीला चिकटून राहते. सामान आत ठेवल्यावर दहा मिनिटं काहीच करू नका, हवा बसू द्या. हात सावकाश हलवा.

किटमधला स्पिरिट लॅम्प या पेटीच्या आत कधीही लावायचा नाही. बंदिस्त जागेत अल्कोहोल फवारून लगेच ज्योत पेटवली तर वाफेचा भडका उडतो. माहितीपत्रकात लॅम्प आणि फवारणी एका पाठोपाठच्या पायऱ्यांत दिली आहेत आणि इशारा एका ओळीचाही नाही. ही साधी चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. लॅम्प पेटीबाहेर, हातभर लांब ठेवा. तिथे पातं तापवून आत न्या. स्पिरिट लावलेले हातमोजे पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीजवळ जाऊ नका. कुणाकडे लॅम्प नसेल तर मेडिकलमधली एकेक पाकिटातली निर्जंतुक पाती वापरावीत, प्रत्येक प्लेटला नवं पातं. घरच्यासाठी ते जास्त सुरक्षित आहे.

तापमानाचं नीट समजून घ्या, कारण किटचं यश-अपयश त्यावरच आहे. धिंगरीच्या तंतूंना २४ ते २६ अंश मानवतात. ३५ च्या वर वाढ खुंटते, ४० च्या आसपास ते मरतात. होळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) आणि पुढे मृगाचा पाऊस पडेपर्यंत जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यात दुपारी खोलीतसुद्धा हे आकडे ओलांडले जातात. थर्माकोलच्या खोक्यात एक-एक लिटरच्या दोन गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा, सकाळ-संध्याकाळ बदला, प्लेट जाळीवर बाटल्यांपासून दूर ठेवा आणि आत थर्मामीटर हवाच. प्लेट झिपच्या पिशवीत असाव्यात, नाहीतर दव धरतं. थंडीत उलटी अडचण येते. जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे रात्री पारा १० च्या खाली जातो, तंतू थांबल्यासारखे वाटतात. मरत नाहीत, फक्त सावकाश वाढतात. त्याच खोक्यात कोमट पाण्याची बाटली ठेवली की पुरतं. पावसाळ्यात तापमान बरं असतं, पण हवेत रानबुरशी भरपूर. श्रावणात, कानबाईच्या सुमारास केलेल्या प्लेट दिवाळीनंतरच्या प्लेटपेक्षा जास्त बिघडतात. हे किट मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. उन्हाळ्यात कुरिअरने आलेल्या प्लेटमध्ये अगर सुटून पाणी जमलेलं असतं, आणि त्या पाण्यातून जिवाणू प्लेटभर पसरतात.

दुधी अळिंबीचा किटमध्ये उल्लेखही नाही, आणि खानदेशासाठी तीच सगळ्यात रास्त जात आहे. तिचं पीक ३० ते ३५ अंशाला येतं. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाची एपीके-२ ही जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. क्लोनिंगलाही ती सोयीची, देठ जाड असल्याने आतला स्वच्छ तुकडा सहज मिळतो. किटमधल्या याच प्लेटवर ती वाढते, फक्त २८ ते ३० अंश द्या. धिंगरीपेक्षा सावकाश वाढते, म्हणून प्लेट फुकट गेली असं समजून टाकून देऊ नका. पुढे पिशवीवर मातीचं केसिंग आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

पावडरच्या पाकिटाचं काय? २० ग्रॅम पावडर ५०० मिली पाण्याला, हे प्रमाण बरोबर आहे. हायमीडिया कंपनीची पीडीए पावडरही लिटरला ३९ ग्रॅमच पडते. ५०० मिलीत २० मिलीच्या सुमारे २५ प्लेट होतात. पण त्या ओतायच्या कशात? किटमधल्या प्लेट पॉलिस्टायरीनच्या आहेत, कुकरमध्ये घातल्या की वितळून वाकड्या होतात, म्हणजे एकदा वापरून फेकायच्या. रिकामी भांडी दिलेली नाहीत. काचेच्या पेट्री प्लेट, जॅमच्या छोट्या बरण्या, किंवा तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेले पॉलिप्रोपिलीनचे पारदर्शक डबे घ्या, ते उकळत्या वाफेत टिकतात. पाणी बोअरचं नको, आरओचं किंवा डिस्टिल्ड वापरा. बाटली अर्धीच भरा, तोंडाला कापसाचा बोळा आणि फॉइल. कुकरमध्ये तळाला जाळी, तीन सेंटिमीटर पाणी. पहिली शिट्टी झाल्यावर आच इतकी मंद करा की दाब टिकेल पण शिट्ट्यांवर शिट्ट्या होणार नाहीत. प्रत्येक शिट्टीला दाब एकदम पडतो आणि अगर उकळून बोळ्यापर्यंत चढतं. १५ पौंड दाबाला २० मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. कुकर आपोआप निवू द्या.

बाटली हातात धरवेल एवढी, म्हणजे ५० अंशाच्या आसपास, निवली की ओता. जास्त गरम ओतलं तर झाकणावर दव धरतं. अगर साधारण ३५ ते ४० अंशाला घट्ट होतं, त्यामुळे मे महिन्यात दुपारी ओतलेल्या प्लेट तासभर पातळच राहतात आणि तेवढ्यात धूळ आत जाते. पहाटे ओता, शहाबादी फरशीवर ठेवा. पावडर संपली तर किराणा दुकानातलं चायना ग्रास चालतं: ५०० मिलीला ८ ते १० ग्रॅम, १०० ग्रॅम बटाट्याचं गाळलेलं उकळं पाणी आणि १० ग्रॅम ग्लुकोज पावडर. जिलेटिन मात्र घेऊ नका, ते खानदेशातल्या उन्हाळी खोलीत पातळ होतं. जेलीची तयार गोड पाकिटंही नकोत.

गव्हाच्या दोन पिशव्या ही किटमधली सगळ्यात कच्ची वस्तू. दाणे जास्त शिजलेले, फुटलेले आणि ओले असतात, पिशवीच्या तळाला पाणी दिसतं. अशा दाण्यात जिवाणू वाढून आंबट वास येतो आणि दाणे बुळबुळीत होतात. पिशवी आली की उलटी करून बघा. काचेवर ओल धरल्यासारखं दिसत असेल तर कल्चर त्यात वाया घालवू नका, घरी ज्वारीवर बीज करा. आपल्याकडची दादर ज्वारी टपोरी असते, चांगली चालते, पण साधी ज्वारीही पुरे. पेरणीसाठीची, औषध लावलेली ज्वारी मात्र कधीही नाही. बियाण्याला लावलेलं बुरशीनाशक अळिंबीलाही मारतं.

एक किलो ज्वारी निवडून, धुऊन १२ ते १६ तास भिजवा. हे भिजवणं नुसतं दाणा फुगवायला नसतं. दाण्यावर जिवाणूंचे जे टणक बीजाणू असतात ते भिजल्याने जागे होतात, आणि जागे झालेले जिवाणू मग कुकरच्या वाफेत मरतात. न भिजवलेल्यातले टिकून राहतात. नंतर १५ ते २० मिनिटं उकळा. दाणा बोटात दाबला तर मऊ लागला पाहिजे, फुटता कामा नये. चाळणीत निथळून कापडावर पसरा. दाणा टिश्यू पेपरवर ठेवला तर ओला डाग पडू नये, इतका वरून कोरडा. २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम खडूची भुकटी मिसळा, दाणे एकमेकांना चिकटत नाहीत आणि आम्लता सांभाळली जाते. पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत ३००-३५० ग्रॅम भरून, तोंडाला पाइपची कडी आणि कापसाचा बोळा लावून १५ पौंडाला दीड ते दोन तास. एवढा वेळ लागतो म्हणून मध्येच कुकरमधलं पाणी आटणार नाही याची काळजी घ्या. रात्रभर निवू द्या.

एका पिशवीला प्लेटचा चतुर्थांश ते अर्धा भाग पुरतो. अगरचे तुकडे दाण्यांत विखुरले गेले की वाढ लवकर पसरते. तिसरा भाग पांढरा झाला की पिशवी हलवून दाणे मोकळे करा. २५ अंशाला साधारण १५ ते २० दिवसांत पूर्ण भरते. या दाण्यांपासून दुसऱ्या पिशव्या करता येतात, त्यांच्यापासून तिसऱ्या. त्यापुढे जाऊ नका, पुन्हा प्लेटकडे या. पीक लावताना ओल्या काडाच्या ३ ते ४ टक्के बीज धरा, म्हणजे अर्धा किलो बीज १२ ते १५ किलो ओल्या काडाला. गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा, कडब्याची कुट्टी, वाळलेली केळीची पानं, सगळं चालतं. पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) भुगा करताना त्यावर किती फवारण्या झाल्या आहेत हे लक्षात घ्या. खाण्याच्या पिकासाठी तो मी टाळेन.

आता बीजाणूंचा भाग. छाप घ्यायला किटमध्ये दिलेलं सामान ठीक आहे. पूर्ण उमललेल्या टोपीचा देठ कापून गिल खाली करून फॉइलवर ठेवा, वर काचेचा पेला पालथा घाला. ६ ते १२ तासांत गिलांच्या रेषांची छाप उमटते. धिंगरीची पांढरी ते फिकट जांभळट, दुधीची पांढरी, भाताच्या काडावरच्या अळिंबीची गुलाबी, बटणची गडद तपकिरी. छाप पूर्ण वाळवून, फॉइल दुमडून, सिलिका जेलसोबत झिपच्या पिशवीत, फ्रिजमध्ये. ओली छाप बंद केली तर तिच्यावर दुसरी बुरशी येते.

इथवर सगळं बरोबर. पुढे माहितीपत्रक म्हणतं की बीजाणू सिरिंजमधल्या पाण्यात मिसळून थेट गव्हाच्या पिशवीत सोडा. असं करू नका. गिल उघड्या हवेत असतात, छापेसोबत जिवाणू आणि रानबुरशी येतेच, आणि दाण्यात गेल्यावर ती वेगळी काढता येत नाही. बीजाणू आधी अगरवर रुजवायचे: पाण्यात दिवसभर भिजवून थेंबभर पाणी प्लेटवर नागमोडी रेषेत ओढायचं आणि स्वच्छ फुटवा दिसेल तो उचलून नव्या प्लेटवर न्यायचा. अगरमध्ये प्रतिजैविक घातलं तर जिवाणू आवरतात, बुरशी आवरत नाही.

त्याहून मोठी अडचण अळिंबीच्या स्वभावात आहे. एकेका बीजाणूतून फुटलेला तंतू एकटा असतो, त्याला जुळणारा दुसरा तंतू भेटला तरच अळिंबी धरते. धिंगरीत एकाच फळाच्या बीजाणूंतून उचललेल्या कुठल्याही दोघांची जुळणी व्हायची शक्यता चारात एक. जुळलेल्या तंतूवर जोडाची छोटी गाठ असते, ती ४०० पट सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. किटमध्ये सूक्ष्मदर्शक नाही आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही प्लेट पांढऱ्याच दिसतात. बरेच बीजाणू एकत्र रुजवले तर जुळणी होते, पण मग प्रत्येक जोडीचे गुण वेगळे: एक लवकर धरणारी, एक उशिरा, एक वजनाला हलकी. ज्याला नवी जात निवडायची आहे त्याला यात मोठा आनंद आहे आणि त्याने जरूर करावं. ज्याला पुढच्या महिन्यात चार पिशव्या भरायच्या आहेत त्याने क्लोनच करावा.

बीजाणूंच्या छापेचा खरा उपयोग ओळख पटवायला होतो, आणि माहितीपत्रकात नेमकं तेच नाही. पावसाळ्यात उकिरड्यावर, गवतात पांढऱ्या मोठ्या छत्र्या उगवतात. त्यांतली क्लोरोफायलम मोलिब्डायटिस ही विषारी जात खाण्याजोग्या छत्रीसारखीच दिसते, पण तिची छाप हिरवट पडते. हिरवी छाप म्हणजे खायची नाही. मात्र छाप हिरवी नाही म्हणून अळिंबी खाण्याजोगी ठरत नाही, अमानिटा नावाच्या जीवघेण्या अळिंब्यांची छाप पांढरीच असते. सातपुड्यातून आणलेल्या रानअळिंबीचे क्लोन करून बघायची हौस अनेकांना असते. वारुळावर येणारी चविष्ट अळिंबी वाळवीसोबतच जगते. तिचा तुकडा अगरवर कष्टाने वाढला तरी घरच्या पिशवीत तिला फळ येत नाही.

धिंगरी बीजाणू प्रचंड सोडते, आणि ते रोज श्वासात गेले तर खोकला, ताप, छातीत जडपणा असा त्रास होतो. किटमधला तीन पदरी मास्क त्याला पुरत नाही, एन-९५ वापरा. झोपायच्या खोलीत धिंगरी उमलू देऊ नका.

चांगलं कल्चर मिळालं की ते सांभाळायचं कसं यावर माहितीपत्रकात अक्षरही नाही. अगरच्या तिरक्या नळ्यांत ४ अंशाला धिंगरी काही महिने टिकते. गुलाबी धिंगरी आणि भाताच्या काडावरची अळिंबी मात्र फ्रिजच्या थंडीत मरतात. वीज जाणाऱ्या गावांत दुसरी पद्धत सोपी पडते: भरलेल्या प्लेटमधले ५ मिलिमीटरचे चौकोन निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून, बूच घट्ट लावून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायचे. पाण्याखाली वाढ जवळपास थांबते आणि कल्चर दीर्घकाळ जिवंत राहतं. प्लेटवरून प्लेटवर सतत फिरवत राहिलात तर जात थकते, तंतू विरळ होतात, उत्पन्न घटतं. म्हणून पहिल्याच चांगल्या प्लेटच्या तीन-चार बाटल्या करून ठेवा.

घ्यावं की नाही? ज्याच्याकडे काहीच नाही आणि ज्याला तयार प्लेटवर हात बसवायचा आहे त्याने थंडीत जरूर घ्यावं. प्लेट, हँडल, पाती आणि पॅराफिल्म चांगल्या दर्जाची आहेत. ज्याच्याकडे पाच लिटरचा कुकर आहे आणि पीडीए करायची तयारी आहे त्याने सुटं सामान घ्यावं. पाती, हातमोजे, सिरिंज, स्पिरिट मेडिकलमध्ये मिळतं, पेट्री प्लेट आणि पावडर प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात. वाचलेल्या पैशांत पेटीसाठी डबा आणि चांगला थर्मामीटर येतो, आणि त्या दोन वस्तू किटमधल्या बीजाणूंच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त कामाच्या आहेत.

मागवायच्या आधी विक्रेत्याला प्लेट कोणत्या तारखेला ओतल्या ते विचारा, महिन्याहून जुन्या घेऊ नका. पार्सल आलं की प्लेट न उघडता तीन दिवस २५ ते ३० अंशाला उलट्या ठेवा. कोऱ्या प्लेटवर काही उगवलं तर तो दोष प्लेटचा, तुमच्या हाताचा नाही. त्याचे फोटो पाठवून बदली मागा, आणि उरलेल्या स्वच्छ प्लेटवरच काम सुरू करा.